सातव्या गोळीची भानगड

आपल्या बारामती-इंदापूर पट्ट्यात दर उन्हाळ्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. विहिरीवरची मोटार जळते, रिवाइंडिंगला जाते, चांगले पैसे मोजून परत येते, बसवली जाते, आणि बटण दाबलं की फ्यूज उडतो. नाहीतर मोटार फिरते पण उलटी, आणि पाणी काही चढत नाही. शेतकरी म्हणतो वायंडरने घोळ केला. वायंडर म्हणतो तुमच्याकडे व्होल्टेजच नाही. वायरमन दोघांचंही ऐकून घेतो आणि चहा पिऊन निघून जातो. ऊस मात्र वाळत राहतो. दुरुस्तीच्या आधी जो दोष नव्हता तो दुरुस्तीनंतर कुठून आला, हा प्रश्न आपल्या सिलॅबसमध्ये कुठल्याच युनिटमध्ये नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षात मात्र तो सगळ्यांच्या वाट्याला येतो, मग ती नोकरी बारामती एमआयडीसीतली असो की वालचंदनगरची.

या जातीच्या बिघाडाचं एक गाजलेलं उदाहरण रायफलचं आहे. ती रायफल ज्याने बनवली त्या जॉन गॅरंड नावाच्या माणसाबद्दल हा लेख. इंटरनेटवर रायफलची माहिती ढिगाने मिळते, माणसाबद्दल फार कमी लिहिलेलं असतं. आणि तो माणूस आपल्यातला आहे, म्हणजे वर्कशॉपमधला. पदवी वगैरे काही नसलेला.

झाँ कँटियस गॅरंड याचा जन्म १ जानेवारी १८८८ चा. गाव कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातलं सें रेमी, घर शेतकऱ्याचं, भाषा फ्रेंच, भावंडं बारा. लहानपणीच आई गेली आणि वडील मुलांना घेऊन सीमेपलीकडे अमेरिकेत, कनेटिकट राज्यात आले. शाळा बारा वर्षांचा व्हायच्या आतबाहेरच सुटली. पोरगा कापडगिरणीत झाडू मारायला लागला. इंग्रजी तो तिथेच शिकला. गिरणीतले माग, चाकं, पट्टे, बॉबिन हे त्याचं पहिलं मशीन ड्रॉइंग. झाडू मारता मारता मशीनवर गेला आणि विशीच्या आत पक्का मशिनिस्ट झाला. (मराठी मीडियमचा म्हणून पहिल्या सेमिस्टरला वर्गात मागे बसणाऱ्या मित्रांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.)

पुढे तो प्रॉव्हिडन्स शहरातल्या ब्राउन अँड शार्प या कारखान्यात टूलमेकर म्हणून लागला. मायक्रोमीटर आणि मिलिंग मशीनसाठी हे नाव जगभर माहीत होतं. मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला आपण ज्या थाउची चेष्टा करतो, ते थाउ तिथे रोजच्या जेवणासारखे होते. आणि याला नाद होता नेमबाजीचा. दिवसा हजारावा भाग मोजायचा आणि सुट्टीच्या दिवशी निशाण्यावर जायचं, अशा माणसाने कधीतरी बंदूक काढून तिच्या आत डोकावणं ठरलेलंच होतं. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि सैन्याला हलकी मशीनगन हवी होती. गॅरंडने आपलं डिझाइन पुढे केलं. मशीनगन वेळेत झाली नाही, युद्ध संपलं. पण माणूस सरकारच्या नजरेत भरला. १९१९ मध्ये तो मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात रुजू झाला, तो १९५३ ला निवृत्त होईपर्यंत तिथेच. चौतीस वर्षं एका कारखान्यात!

त्याला काम मिळालं ते असं. आपल्या पोलिसांकडे वर्षानुवर्षं असलेली थ्री नॉट थ्री रायफल तुम्ही पाहिली असेल. एक गोळी मारली की हाताने बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, रिकामी पुंगळी बाहेर पडते, बोल्ट पुढे ढकलला की नवीन काडतूस चेंबरमध्ये जातं. हे सगळं हात करतो. कुठे अडकलं तर हाताला कळतं, हात जरा जोर लावतो, जरा हलवतो, काम होतं. अमेरिकन सैन्याला हात नको होता. चाप ओढला की गोळी सुटावी, आणि पुंगळी काढणं, नवीन काडतूस भरणं रायफलने आपलं आपण करावं. पण हात गेला म्हणजे हाताची अक्कलही गेली. जे काम हात अंदाजाने सांभाळून घेत होता ते आता धातूच्या कडांनी आणि स्प्रिंगने सांभाळायचं. पुढची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे.

गॅरंडचं पहिलं डिझाइन काडतुसाच्या बुडातल्या टोपीच्या, म्हणजे प्रायमरच्या, धक्क्यावर चालायचं. बार उडाला की टोपी किंचित मागे सरकते, त्या हालचालीवर त्याने बोल्ट उघडायची यंत्रणा बसवली. चालायचं झकास. पण मधल्या काळात सैन्याने दारू बदलली आणि टोपी काडतुसात आवळून पक्की करायला सुरुवात केली. टोपी हलेना, रायफल चालेना. दोष त्याचा काडीचाही नव्हता, तरी कित्येक वर्षांचं काम बाजूला ठेवावं लागलं. त्याने नव्याने सुरुवात केली. यावेळी नळीच्या तोंडाशी येणारा गरम वायू वापरायचा, त्याने एक लांब दांडा मागे ढकलायचा, दांड्याने बोल्ट फिरवून उघडायचा, आणि स्प्रिंगने सगळं परत पुढे आणायचं. या दांड्याला ऑपरेटिंग रॉड म्हणतात. तो पुढे परत येणार आहे, लक्षात ठेवा.

स्पर्धेत जॉन पेडरसन नावाचा मोठा प्रतिस्पर्धी होता. त्याच्या रायफलला मेण लावलेली काडतुसं लागायची, आणि गोळी सैन्याच्या नेहमीच्या ०.३० इंचापेक्षा लहान, ०.२७६ इंचाची. गॅरंडने दोन्ही मापांच्या रायफली केल्या. १९३१ च्या ऑक्टोबरमध्ये चाचणीत त्याच्या मोठ्या मापाच्या रायफलचा बोल्टच तडकला आणि ती माघारी घ्यावी लागली. दुसरा कोणी असता तर लहान मापावर समाधान मानून बसला असता, कारण समिती त्याच मापाच्या बाजूने होती. पण १९३२ मध्ये सेनाप्रमुख डग्लस मॅकार्थर यांनी निर्णय फिरवला. जुन्या मापाची काडतुसं गोदामांत प्रचंड पडून होती, मंदीचे दिवस होते, नवीन गोळीला पैसा कुठून आणायचा? झालं. पेडरसनचं सगळं लहान मापावर उभं होतं, तो बाहेर. गॅरंडकडे मोठ्या मापाची रायफल होती, तडकलेल्या बोल्टसकट. ती सुधारून त्याने उभी केली आणि ९ जानेवारी १९३६ रोजी ती एम वन या नावाने सैन्यात स्वीकारली गेली. आठ गोळ्यांची, साधारण सव्वाचार किलोची. आठही काडतुसं पत्र्याच्या एका क्लिपमध्ये चार-चारच्या दोन रांगांत बसवलेली, क्लिपसकट वरून दाबायची. आठवी गोळी सुटली की मोकळी क्लिप टणकन आवाज करत बाहेर उडते. सिनेमात तो आवाज तुम्ही नक्की ऐकलाय.

इथपर्यंत सगळ्या चरित्रांत असतं. आता आपल्या कामाचा भाग.

मॉडेल शॉपमध्ये हाताने, घासून पुसून केलेली रायफल आणि कारखान्यात रोज होणारी रायफल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फायनल इयरचा प्रोजेक्ट डेमोच्या दिवशी चालतो म्हणून त्याचे हजार नग चालतील असं नाही. स्प्रिंगफील्डमधली बरीच मशिनरी जुनी होती. नवीन रायफलसाठी फिक्स्चर, कटर, गेज सगळं नव्याने लागणार होतं, आणि त्यातही गॅरंडने स्वतः डोकं घातलं. १९३७ च्या सप्टेंबरमध्ये उत्पादन सुरू झालं तेव्हा दिवसाला दहा रायफली होत होत्या. दोन वर्षांत शंभर. १९४१ च्या जानेवारीत सहाशे.

आणि याच वाढत्या आकड्यांत १९३९-४० च्या सुमारास तक्रार आली. रायफल अडकते. अशी तक्रार आली की पहिल्यांदा कुणाला दोष देतात? वापरणाऱ्याला. साफ केली नसेल, तेल दिलं नसेल, क्लिप वाकडी असेल. पण या तक्रारीत एक विचित्र गोष्ट होती. अडकायची ती बहुतेक वेळा सातव्या गोळीवर. तिसरी नाही, पाचवी नाही, आठवीसुद्धा नाही. माझ्या मते सगळ्या भानगडीत सोन्याचा धागा हाच. बिघाड केव्हाही, कसाही होत असेल तर कचरा, तेल, हवामान, काहीही कारण असू शकतं. पण तो एकाच जागी परत परत होतो तेव्हा तो यंत्राच्या आकारात बसलेला असतो. कचऱ्याला सातापर्यंत मोजता येत नाही.

सातव्या गोळीचं वेगळेपण काय? सुरुवातीला क्लिप भरलेली असते, काडतुसं एकमेकांना दाटीवाटीने धरून असतात. गर्दीच्या एसटीत कुणी पडत नाही तसं. सातवी वर येते तेव्हा खाली फक्त एक उरलेली असते. आधार जवळपास संपलेला असतो. अशा वेळी काडतुसाने उडी मारू नये, तिरकं होऊ नये, सरळ चेंबरमध्ये जावं म्हणून रायफलच्या मुख्य सांगाड्यात, ज्याला रिसीव्हर म्हणतात, आतल्या बाजूला एक कड ठेवलेली होती. गॅरंडच्या मूळ नमुन्यात ती कड शाबूत होती, म्हणून तिथे सातवी गोळी कधी अडली नव्हती.

कारखान्यातल्या रायफलीत त्या कडेचा बारीकसा तुकडा गायब होता. चोरीला गेलेला नव्हता. उत्पादनाची तयारी करताना कुणा टूल इंजिनीअरच्या लक्षात आलं की कटरला त्या ठिकाणी मध्येच थांबावं लागतं, तिथे तो सरळ पार नेला तर काम सोपं होईल. त्याच्या दृष्टीने तो धातू बिनकामाचा होता. ड्रॉइंगवर कुठेही लिहिलेलं नव्हतं की हा एवढासा उंचवटा सातव्या काडतुसासाठी आहे. त्याने तो काढला, मशीनिंग सोपं झालं, आणि त्या कामाबद्दल त्याला शाबासकीही मिळाली असेल. खरं सांगायचं तर त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. सायकल टाइम कमी करा, हेच तर आपल्याला शिकवतात.

दोष कळल्यावर उपाय हास्यास्पद वाटावा इतका साधा होता. नवीन रिसीव्हरसाठी टूलिंग बदलून कड परत आणली. आधीच तयार झालेल्या रायफलींत त्या जागी वेल्डिंगने धातूचा थेंब चढवला आणि घासून आकार दिला. दुसऱ्या महायुद्धात जी रायफल लाखांनी जाणार होती, तिची अडचण नखाएवढ्या धातूने सुटली. युद्धभूमीवर आठपैकी सातव्या गोळीला रायफल अडली तर समोरचा थांबत नाही. त्या थेंबाची किंमत या हिशोबात धरावी लागते.

त्याच सुमारास दुसरी दुरुस्ती झाली. वायू गोळा करण्यासाठी नळीच्या तोंडावर एक टोपण बसवलेलं होतं. साफसफाईला ते अडचणीचं, बसवण्यात ढिलाई राहायची, त्यावरच पुढची माशी आणि संगीन यांचा भार. १९४० मध्ये ही पद्धत सोडून सरळ नळीलाच तोंडाजवळ खालून एक छोटं भोक पाडलं आणि वायू तिथून घेतला. जुन्या रायफली माघारी बोलावून बदलून दिल्या. गॅरंडने स्वतःचंच डिझाइन असं मोडीत काढू दिलं, याचं मला कौतुक वाटतं. आपलं गाइडने सुचवलेलं एक वाक्य बदलताना किती जिवावर येतं!

पण बाहेर बोभाटा व्हायचा तो झालाच. वर्तमानपत्रांत टीका आली. मेल्विन जॉन्सन नावाच्या मरीन दलाच्या राखीव अधिकाऱ्याने स्वतःची रायफल पुढे आणली आणि १९४० मध्ये प्रकरण अमेरिकेच्या संसदेपर्यंत गेलं. त्याच वर्षाच्या शेवटी मरीन दलाने सॅन दिएगोला चार रायफलींची परीक्षा घेतली. चिखलात आणि समुद्राच्या पाण्यात गॅरंडची रायफल मागे पडली, हे लपवण्यात अर्थ नाही. तिथे हाताने चालणारी जुनी स्प्रिंगफील्डच सरस ठरली. तरीही एकूण हिशोबात, वेग आणि मारा धरून, मरीन दलाने १९४१ मध्ये तीच घेतली.

युद्धात पावसाने नवीन प्रश्न काढला. मुसळधार पावसात थोडा वेळ गोळीबार केला की बोल्ट जड व्हायचा, काही वेळा घट्ट बसायचा. तेल दिलेलं असूनही! कारण पाणी तेल धुऊन नेत होतं, आणि बोल्ट फिरवणाऱ्या उतारावर धातूवर धातू कोरडा घासत होता. इथे आकार बदलायची गरज नव्हती. पाण्याने न धुतलं जाणारं घट्ट ग्रीस शोधलं आणि त्याची छोटीशी डबी सैनिकाला दिली, ती रायफलच्या दस्त्यातच ठेवायची. म्हणजे एकच लक्षण, रायफल अडकली, पण एकदा कारण कडेत होतं आणि एकदा वंगणात. दोन्ही वेळा कुणी सरसकट नवीन स्प्रिंग टाकली असती तर बिल झालं असतं, काम झालं नसतं.

आता तो ऑपरेटिंग रॉड. युद्ध संपल्यावर लाखो रायफली शस्त्रागारांत उघडून, तपासून, पुन्हा जोडल्या गेल्या. तेव्हा दिसलं की काही रॉडना एका काटकोनी कोपऱ्यात तडे जातात. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या सरांनी फळ्यावर काढलेला तोच कोपरा, जिथे ताण एकवटतो. उपाय म्हणून त्या कोपऱ्यातला धातू गोलाकार कापून काढला. गंमत बघा. एका ठिकाणी धातू काढला म्हणून रायफल बिघडली आणि धातू घालून सुधारली, दुसऱ्या ठिकाणी धातू जास्त होता म्हणून तडकली आणि काढून सुधारली.

या रॉडची आणखी एक खोड आहे. तो मुळातच वाकडा आहे. नळीच्या खालून निघून बाजूने बोल्टपर्यंत यायचं म्हणून गॅरंडने त्याला मुद्दाम वळण दिलं. नवख्या बंदूक दुरुस्तीवाल्याच्या हातात तो पडला की त्याला वाटतं, मार बसून वाकलाय, आणि तो प्रामाणिकपणे ठोकून सरळ करतो. रायफल परत येते ती अडखळत. जाणकार म्हणून एक सोपी परीक्षा करतात. रायफल पूर्ण रिकामी करून, पुढे ढकलणारी स्प्रिंग काढून, बाकी भाग जागेवर ठेवून ती तिरपी करायची. रॉड स्वतःच्या वजनाने मागेपुढे अलगद घसरला पाहिजे. जिथे थबकेल तिथे तो घासतोय. मग नवीन लाकडाचा दस्ता बसवलाय का आणि तो रॉडला लागतोय का, ते आधी बघायचं, कारण शेवटचा हात जिथे लागला तिथे संशय पहिला. ना मीटर, ना सेन्सर. विहिरीवरच्या पंपाचा शाफ्ट बसवल्यावर आपले मेकॅनिक हाताने फिरवून बघतात, तेच हे. (रायफलवर हा प्रयोग परवाना आणि तज्ज्ञ माणूस असल्याशिवाय करायचा नाही, हे आपल्या हॉस्टेलवर सांगायची गरज नाही, तरी सांगतो.)

अशा सगळ्या दुरुस्त्या पचवून एम वन रायफल दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर कोरियात लढली. महायुद्ध संपेपर्यंत चाळीस लाखांच्या आसपास झाल्या होत्या, १९५७ मध्ये उत्पादन थांबलं तोवर पन्नास लाखांच्या वर. तिच्या गोळीपुढे पडलेली माणसंही कुणाच्या तरी घरचीच होती. शस्त्राच्या इंजिनीअरिंगबद्दल लिहिताना हे डोक्यातून जात नाही, जाऊही नये.

गॅरंडला यातून काय मिळालं? पेटंटचे हक्क त्याने १९३६ च्या जानेवारीतच सरकारला देऊन टाकले. एका रायफलमागे एक पैसा जरी धरला असता तर काय झालं असतं, हा हिशोब तुम्हीच करा. त्याला एक लाख डॉलर द्यावेत असं विधेयक संसदेत आलं होतं, ते मंजूर झालं नाही. पगार आणि पदकं मिळाली, १९४४ चं मेडल फॉर मेरिट त्यात मोठं. त्याने यावर कुरकुर केल्याचं माझ्या वाचनात नाही. सरकारी नोकरीत सरकारचं काम केलं, असा त्याचा सरळ हिशोब असावा. हा साधेपणा की भोळेपणा, यावर आमच्या मजल्यावर एकदा रात्री दोन वाजेपर्यंत वाद झाला, निकाल लागला नाही.

माणूस घरीही तसाच होता. बर्फावर स्केटिंगचा त्याला भारी नाद. हिवाळ्यात घरातल्या एका खोलीत पाणी सोडून, ते गोठवून त्याने घरातच स्केटिंगची जागा केली होती, अशी गोष्ट त्याच्याबद्दल सांगतात. १९३० मध्ये नेली शेपर्ड या बाईंशी त्याचं लग्न झालं, मुलगा आणि मुलगी झाली. बर्फाच्या खोलीबद्दल बाईंचं मत काय होतं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

१९५३ मध्ये तो निवृत्त झाला. त्याच्या रायफलीवरूनच पुढची एम फोर्टीन तयार झाली. १९६८ मध्ये स्प्रिंगफील्डचं शस्त्रागार सरकारने बंद केलं. ज्या कारखान्यात चौतीस वर्षं घातली तो बंद होताना त्याने त्याच गावात राहून पाहिला. १६ फेब्रुवारी १९७४ रोजी तिथेच त्याचं निधन झालं. आज त्या शस्त्रागारात संग्रहालय आहे आणि त्याच्या रायफलींचे सुरुवातीचे नमुने तिथे काचेमागे ठेवलेले आहेत. कड काढणाऱ्या त्या टूल इंजिनीअरचं नाव मात्र मला कुठेही सापडलं नाही.